पंचगंगेच्या दोन पुरांच्या रेषांमधला भाग एक्सेलमध्ये कसा रंगवावा?

प्रश्न – भूगोलाचा_फळा

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आमच्या विभागाच्या वार्षिकांकासाठी राजाराम बंधाऱ्याजवळील पंचगंगेच्या पातळीचा एक आलेख तयार करीत आहे आणि त्यात एका ठिकाणी गाडी अडली आहे.

आलेखात २०१९ आणि २०२१ या दोन वर्षांच्या जुलै-ऑगस्टमधील पातळ्या एकाच आडव्या अक्षावर दाखवायच्या आहेत, म्हणजे १ जुलैवर १ जुलै, २ जुलैवर २ जुलै अशा रीतीने. दोन्ही रेषांमधला भाग रंगवायचा आहे. मात्र ज्या काळात २०१९ ची पातळी वर होती तिथे निळा आणि ज्या काळात २०२१ ची वर होती तिथे तांबूस, असे दोन निराळे रंग हवेत. २०२१ चे पाणी जुलैच्या उत्तरार्धात झपाट्याने चढले, तर २०१९ चे पाणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उच्चांकाला पोहोचून शहरात ठाण मांडून बसले. दोन्ही वेळा पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली होती. परंतु काळ निराळा असल्यामुळे या रेषा एकमेकींना छेदतात आणि माझी अडचण नेमकी त्या छेदापाशी आहे. याशिवाय ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांच्यामधला पट्टा मागे फिकट पिवळा दिसावा, अशीही इच्छा आहे.

एक्सेलच्या रेषा-आलेखात ‘दोन रेषांमधला भाग भरा’ असा पर्याय कुठेही आढळला नाही. म्हणून स्टॅक्ड एरिया चार्ट (रंगीत थर एकावर एक रचणारा आलेख) घेतला, २०१९ ची पातळी खालच्या थरात बिनरंगी ठेवली आणि दोन वर्षांतला फरक वरच्या थरात रंगवला. २०२१ ची पातळी वर आहे तोवर चित्र ठीक दिसते. फरक ऋण झाला की रंग रेषांना सोडून भलतीकडे पसरतो.

नोंदींविषयी थोडे सांगतो. त्या वहीत फूट-इंचांत आहेत. पाणी चढत असताना तासातासाची नोंद आहे, एरवी सकाळी आठची एकच. महाविद्यालयातील संगणकांवर एक्सेल आहे, घरी लिबरऑफिस आहे. प्रोग्रॅमिंगचा मला सराव नाही, तरी पायरीपायरीने सांगितल्यास करू शकेन.

उत्तर – तक्ते_आणि_आलेख

सर, आपल्याला तो पर्याय आढळला नाही, कारण तो तिथे नाहीच. एक्सेलचा साधा एरिया चार्ट रेषेपासून आडव्या अक्षापर्यंतचा भाग भरतो आणि स्टॅक्ड एरिया चार्ट खालच्या थरापासून पुढचा भाग भरतो. ‘अमुक रेषेपासून तमुक रेषेपर्यंत’ ही भाषा त्याला समजत नाही. त्यामुळे दोन रेषांमधला भाग हा आलेखावर चढवायचा रंग न मानता तक्त्यातला एक स्वतंत्र रकाना मानावा लागतो. तक्ता बरोबर झाला की रंग आपोआप जागच्या जागी बसतो.

पण त्याआधी फूट-इंचांकडे पाहा, कारण तिथे चूक राहिली तर पुढचे सगळे रंगकाम वाया जाते. ४२ फूट ७ इंच ही नोंद ४२.७ अशी भरण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात ७ इंच म्हणजे फुटाचा ०.५८३ इतका भाग होतो, म्हणून ती नोंद ४२.५८३ हवी. इथवर फरक दीड इंचाच्या आत आहे. खरा घोटाळा १० आणि ११ इंचांना होतो. सेलमध्ये ४२.१० भरले की एक्सेल शेवटचे शून्य टाकून देतो आणि ती नोंद ४२ फूट १ इंचाच्या नोंदीपासून वेगळी ओळखता येत नाही. वहीत पाणी ९ इंचांवरून १० इंचांवर चढलेले असते आणि आलेखात ते ४२.९ वरून ४२.१ वर कोसळलेले दिसते. एकदा असे भरले गेले की कोणतेही सूत्र ते दुरुस्त करू शकत नाही, पुन्हा वही उघडावी लागते. म्हणून फूट एका रकान्यात, इंच दुसऱ्या रकान्यात, आणि तिसऱ्या रकान्यात फूट अधिक बाराने भागलेले इंच, अशी मांडणी सुरुवातीपासून ठेवावी.

आता रंगाचे रकाने. प्रत्येक वेळेच्या ओळीत दोन वर्षांच्या पातळ्या आहेत असे धरू. तीन नवे रकाने करा. पहिल्यात त्या दोन पातळ्यांपैकी लहान पातळी घ्या, हा पाया. दुसऱ्यात २०१९ मधून २०२१ वजा करा, मात्र उत्तर ऋण आले तर शून्य ठेवा. मॅक्स या फंक्शनला ती वजाबाकी आणि शून्य अशा दोन किमती दिल्या की हे आपोआप होते. तिसऱ्यात उलट वजाबाकी, तीही शून्याच्या खाली न जाणारी. या तीन रकान्यांचा स्टॅक्ड एरिया चार्ट करा, पायाला नो फिल द्या, दुसऱ्या थराला निळा आणि तिसऱ्याला तांबूस रंग द्या. दुसरा आणि तिसरा थर एकाच ओळीत कधीही एकदम शून्याच्या वर नसतात, त्यामुळे एकावर एक रचूनही ते एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. मग मूळ दोन पातळ्या त्याच आलेखात घालून चेंज चार्ट टाइपमधील कॉम्बो पर्यायातून त्यांना साधी रेषा करा.

एवढे केल्यावर ऋण फरकाचा त्रास संपतो. तरीही छेदापाशी एक बारीक दोष उरतो, आणि बहुतेक जण तो न पाहताच आलेख छापतात. एक उदाहरण घेतो; आकडे केवळ समजावण्यापुरते आहेत. एका दिवशी सकाळी आठला २०१९ ची पातळी ४०.५० फूट आणि २०२१ ची ४२.०० फूट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला २०१९ ची ४३.२५ आणि २०२१ ची ४०.७५ फूट आहे. या दोन नोंदींच्या मध्ये कुठेतरी रेषा छेदतात, पण तक्त्यात छेदाची ओळच नाही. त्यामुळे पाया ४०.५० वरून थेट ४०.७५ वर सरळ जातो, तांबूस थर दीड फुटावरून शून्याकडे उतरतो आणि त्याच वेळी निळा थर शून्यावरून अडीच फुटांकडे चढतो. परिणामी ज्या बिंदूवर रंगाची जाडी शून्य व्हायला हवी, नेमक्या त्या बिंदूवर दोन्ही थर मिळून १.८७५ फूट जाडीचा पट्टा उभा राहतो आणि रेषांच्या वर व खाली, दोन्हीकडे, रंग सांडलेला दिसतो.

उपाय म्हणजे छेदाची ओळ स्वतः घालणे. पहिल्या नोंदीतला फरक दीड फूट, दुसऱ्या नोंदीतला उलट दिशेने अडीच फूट, दोन्ही मिळून चार फूट. दीडला चाराने भागल्यास ०.३७५ येते. चोवीस तासांचा ०.३७५ इतका भाग म्हणजे नऊ तास, म्हणून छेद संध्याकाळी पाच वाजता येतो. पातळी काढण्यासाठी ४०.५० मध्ये २.७५ चा ०.३७५ इतका भाग मिळवा, ४१.५३ येते; दुसऱ्या रेषेवरून ४२.०० मधून १.२५ चा तितकाच भाग वजा केला तरी ४१.५३ येते. दोन्ही उत्तरे जुळली म्हणजे हिशेब बरोबर. ही नवी ओळ तक्त्यात घातली की तिथे दोन्ही फरक शून्य होतात आणि रंग चिमटीत धरल्यासारखा एका बिंदूवर मिटतो. दोन महिन्यांच्या आलेखात असे छेद मूठभरच निघतील, तेव्हा हाताने ओळी घालणेही जड जाणार नाही.

पिवळ्या पट्ट्याबद्दल माझे मत विचाराल तर तो सोडून द्यावा. पुराच्या दिवसांत दोन्ही रेषा त्या पट्ट्याला ओलांडून वर जातात आणि उतरताना पुन्हा त्यातूनच खाली येतात. तिथे निळा, तांबूस आणि पिवळा यांचे मिश्रण होऊन चौथाच रंग तयार होतो आणि वाचक सूचीत तो शोधत बसतो. ३९ आणि ४३ फुटांवर दोन तुटक आडव्या रेषा पुरेशा आहेत. पट्टा हवाच असेल तर तो त्याच रचनेत घालू नका, नाहीतर तो बाकीच्या थरांच्या डोक्यावर जाऊन बसेल. ३९ चा बिनरंगी थर आणि त्यावर ४ फुटांचा पिवळा थर मुख्य अक्षावर ठेवा आणि वर्षांच्या फरकाचे तिन्ही थर दुय्यम अक्षावर न्या. एक्सेल प्रत्येक अक्षाची रचना वेगळी धरतो आणि दुय्यम अक्षाचे चित्र पुढे आणतो. मात्र दोन्ही उभ्या अक्षांची किमान व कमाल किंमत हाताने सारखी बांधून घ्या, अन्यथा पट्टा आणि रेषा वेगवेगळ्या मापाने काढल्या जातील आणि ते लवकर लक्षातही येणार नाही.

पुरवणी प्रश्न – भूगोलाचा_फळा

मनःपूर्वक आभार. फूट आणि इंच वेगळे केले, छेदांच्या ओळी घातल्या, आणि सकाळी आठच्या नोंदींपुरता आलेख अगदी हवा तसा आला. पिवळा पट्टा काढून तुटक रेषा घेतल्या, ते अधिक स्वच्छ दिसते.

आता तासातासाच्या नोंदी घातल्यावर नवी अडचण उभी राहिली आहे. एका दिवसाच्या सगळ्या नोंदी एकाच उभ्या रेषेत गोळा होतात आणि रंगाच्या जागी उभ्या चिरफळ्या दिसतात. अक्षाचा प्रकार टेक्स्ट अॅक्सिस केल्यास चिरफळ्या जातात, पण मग तासाचे अंतर आणि दिवसाचे अंतर सारखेच दिसू लागते. पुराचे चार-पाच दिवस अर्धा आलेख व्यापतात. शिवाय दोन्ही वर्षांच्या नोंदींच्या वेळा जुळत नाहीत. एका वर्षी दुपारी तीनची नोंद आहे, तर दुसऱ्या वर्षी त्या तारखेला फक्त सकाळची.

उत्तर – तक्ते_आणि_आलेख

सर, आपण दोन स्वतंत्र प्रश्न विचारले आहेत. आधी वेळा जुळवण्याचा घेऊ, कारण तो सुटल्याशिवाय दुसऱ्याला हात घालून उपयोग नाही.

थर एकावर एक रचायचे तर प्रत्येक वेळेला दोन्ही वर्षांची पातळी असलीच पाहिजे. रिकामा सेल ठेवू नका. एरिया चार्टमध्ये रिकामी जागा शून्य धरली जाते आणि रंग थेट तळाला जाऊन पुन्हा वर येतो. दोन्ही वर्षांच्या सगळ्या वेळा एकाच रकान्यात क्रमाने घ्या आणि जिथे एका वर्षाची नोंद नाही तिथे आधीच्या व नंतरच्या नोंदींमधून सरळ रेषेने पातळी काढा, अगदी छेदासाठी काढली तशीच. अशा काढलेल्या किमतींना तक्त्यात वेगळा रंग द्यावा, म्हणजे वहीतली नोंद कोणती आणि हिशेबाने आलेली कोणती हे पुढच्या वर्षीही कळेल. आणखी एक पथ्य असे की, दिवस १ जुलैपासूनच मोजावेत, ते कोणत्याही दोन वर्षांत बिनतक्रार जुळतात. ३१ डिसेंबर वा १ जानेवारीपासून दिवस मोजत असाल आणि उद्या २०२० किंवा २०२४ चे आकडे घालाल, तर एका दिवसाची तफावत पडेल.

आता अक्ष. एक्सेलच्या डेट अॅक्सिसचे सर्वांत लहान एकक दिवस हे आहे. तास त्याला दिसत नाहीत, म्हणून एका दिवसाच्या सगळ्या नोंदी तो एकाच जागी आणतो. लिबरऑफिसच्या तारीख-अक्षाचेही हेच आहे. तिथे दिवस, महिना आणि वर्ष एवढीच एकके मिळतात. यावर जुनी आणि खात्रीची युक्ती अशी की, १ जुलैच्या मध्यरात्रीपासून किती मिनिटे झाली तो पूर्णांक एका रकान्यात काढावा आणि तोच रकाना आडव्या अक्षासाठी द्यावा. अक्षाचा प्रकार डेट अॅक्सिस ठेवावा. एक्सेल बिचारा प्रत्येक मिनिटाला एक दिवस समजतो आणि अंतरे तंतोतंत पाळतो. बासष्ट दिवसांची मिनिटे ८९,२८० होतात. एक्सेलच्या तारखा २९,५८,४६५ पर्यंत जातात, तेव्हा जागेची चिंता नाही. या अक्षाचा एक फायदाही आहे: ओळी कोणत्याही क्रमाने असल्या तरी तो त्या काळानुसारच काढतो, त्यामुळे छेदाच्या ओळी तक्त्याच्या तळाशी एकत्र ठेवता येतात.

अक्षावर मात्र आता निरर्थक तारखा दिसतील. ती लेबले बंद करा. उभ्या अक्षाच्या किमान किमतीएवढी एक नाममात्र सिरीज रेषा म्हणून घाला. तिची किंमत फक्त ज्या तारखा छापायच्या त्या ओळींत ठेवा आणि बाकी ओळींत एनए (‘किंमत उपलब्ध नाही’ असे सांगणारे) हे फंक्शन लिहा. मग त्या सिरीजला डेटा लेबल देऊन व्हॅल्यू फ्रॉम सेल्स हा पर्याय निवडा आणि ‘१ जुलै’, ‘८ जुलै’ अशा मजकुराचा रकाना दाखवा. लेबलांची जागा बिलो ठेवा आणि रेषा अदृश्य करा. हा पर्याय एक्सेल २०१३ पासून उपलब्ध आहे. काम किचकट वाटते, पण एकदा जमले की तारखा मराठीत हव्या तशा लिहिता येतात.

फक्त सकाळी आठच्या नोंदींवर काम भागत असेल, तर याहून झटपट मार्ग आहे. दोन वर्षांचा साधा रेषा-आलेख करा, त्याला अप-डाउन बार्स जोडा आणि त्यांची गॅप विड्थ शून्य करा. शेवटची सिरीज वर असेल तिथे अप बार आणि खाली असेल तिथे डाउन बार येतो. दोघांना वेगळे रंग देता येतात. कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, पण वर्गात फळ्यावर दाखवायला तेवढे चालून जाते.

उत्तर – खिडकीबाहेरचा

वरील सर्व पायऱ्या अचूक आहेत. तरीही मिनिटांना दिवस मानायला लावून एक्सेलची समजूत घालण्यापेक्षा जे साधन हे काम मुळातूनच जाणते ते वापरावे, असे मला वाटते. ग्नूप्लॉट हे मोफत साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते. त्याला वेळ, पहिली पातळी आणि दुसरी पातळी असे तीन रकाने देऊन फिल्डकर्व्हज ही शैली सांगितली की दोन रेषांमधला भाग भरला जातो. ती शैली एकदा अबव्ह आणि एकदा बिलो या शब्दासह वापरून वरचा आणि खालचा भाग वेगळ्या रंगांत येतो, आणि छेदबिंदू ते स्वतः काढते. फूट अधिक बाराने भागलेले इंच हा हिशेबही आज्ञेतच लिहिता येतो, म्हणजे वहीतले आकडे जसेच्या तसे फाइलमध्ये राहतात. घरच्या लिबरऑफिसमध्ये एरिया आणि रेषा यांचा जोड-आलेख निवडण्याची सोय नाही, तिथे स्तंभ आणि रेषा एवढाच जोड मिळतो. म्हणून घरी काम करायचे असेल तर हाच मार्ग सुचवीन. तक्ता लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये करा, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) म्हणून साठवा आणि चित्र ग्नूप्लॉटकडून घ्या.

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणारी मंडळी तिच्या मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या संचातील फिल बिट्वीन सुचवतील. ते उत्तमच आहे, पण दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. व्हेअर ही अट देऊन दोन रंग केले आणि इंटरपोलेट चालू केले नाही, तर छेदापाशी त्रिकोणी फट राहते. दोष तोच, फक्त तिथे रंग सांडण्याऐवजी कमी पडतो. दुसरी गोष्ट देवनागरीची. मॅटप्लॉटलिबच्या ज्या आवृत्त्या सर्रास वापरात आहेत त्या जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी नीट जुळवत नाहीत; ‘मिनिटे’ या शब्दातली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. चित्र एसव्हीजीमध्ये घेऊन मजकूर मजकूर म्हणूनच ठेवण्याची सेटिंग केली आणि मग इंकस्केप या चित्रे काढण्याच्या साधनात उघडले, तर अक्षरे व्यवस्थित येतात. ग्नूप्लॉटच्या कैरो प्रकारच्या आउटपुटला हा त्रास नाही, कारण तिथे अक्षरजुळणी पँगो हे त्यासाठीच केलेले साधन करते. फक्त मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखा फाँट नावाने सांगावा लागतो.

उत्तर – बरगे_काढणारा

रंग कसा भरावा हे वरच्या मंडळींनी छान सांगितले आहे. पाटबंधाऱ्याच्या कामात हयात गेल्यामुळे मी त्या रंगाचा अर्थ काय, याविषयी थोडे लिहितो. कारण आलेख विद्यार्थ्यांपुढे जाणार आहे आणि दोन रेषांमध्ये रंग भरला की पाहणारा त्या क्षेत्रफळालाच काहीतरी मोल आहे असे धरून चालतो.

पातळीच्या दोन रेषांमधले क्षेत्रफळ म्हणजे फूट गुणिले दिवस. हे पाण्याचे प्रमाण नव्हे. एखादा विद्यार्थी निळा भाग तांबड्यापेक्षा मोठा पाहून ‘२०१९ मध्ये इतके पाणी जास्त आले’ असे लिहील आणि ते चुकीचे ठरेल. नदीचे पात्र वर जाईल तसे रुंद होते. ३० फुटांवरचा एक फूट आणि ५० फुटांवरचा एक फूट यांत मावणारे पाणी सारखे नसते. त्यातच पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा धरते, आणि तीच पातळी असतानाही वाहणारे पाणी कमी असते. चढत्या पुरात आणि उतरत्या पुरात एकाच पातळीला विसर्ग वेगळा असतो, हे कोणत्याही नदीवर दिसते. फुगवट्यामुळे आपल्याकडे ते अधिक ठळक होते. त्यामुळे केवळ पातळीवरून किती पाणी वाहून गेले हे सांगता येत नाही.

क्षेत्रफळाला खरा अर्थ हवा असेल तर दुसरा आलेख करा: धरणात येणारे पाणी आणि धरणातून सोडलेले पाणी, दोन्ही क्युसेकमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, आणि दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणून दोन रेषांमध्ये ११,५७४ क्युसेकचे अंतर दिवसभर राहिले तर ते १०० कोटी घनफूट, म्हणजेच एक टीएमसी होते. येणारी रेषा वर असताना रंगलेला भाग म्हणजे धरणात साठलेले पाणी. सोडलेली रेषा वर असताना रंगलेला भाग म्हणजे साठ्यातून गेलेले पाणी. इथे छेदबिंदूलाही अर्थ आहे: येणारी रेषा सोडलेल्या रेषेच्या खाली उतरते त्या क्षणी साठा वाढायचा थांबून घटू लागतो, म्हणजे धरणातली पातळी त्या वेळी कमाल असते. आपल्या राधानगरीचे उदाहरण घ्या. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडते. सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तर ९,९९६ क्युसेक गुणिले ८६,४०० सेकंद, म्हणजे सुमारे ०.८६ टीएमसी पाणी भोगावती या पंचगंगेच्या उपनदीत उतरते. धरणाची क्षमता ८.३६ टीएमसी आहे, तेव्हा एका दिवसात साठ्याच्या दहाव्या हिश्श्याएवढे पाणी जाते. हा हिशेब आलेखावर रंगाच्या रूपात दिसला की मुलांना टीएमसी म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पातळीचा आलेखही अवश्य छापा, तो शहराच्या दृष्टीने महत्त्वाचा आहेच. मात्र तिथे दोन वर्षांमधला फरक रंगवण्यापेक्षा ४३ फुटांच्या वरचा भाग रंगवणे मला अधिक उपयुक्त वाटते. पाणी धोक्याच्या वर किती काळ राहिले, हे रंगाच्या रुंदीवरून एका दृष्टिक्षेपात कळते. दुकानात, घरात, शिरोलीजवळच्या महामार्गावर जे पाणी थांबले त्याची वेळ माणसाला आठवते; दोन वर्षांतला फुटांचा फरक नाही आठवत. एक्सेलमध्ये हे तर फारच सोपे आहे: ४३ चा बिनरंगी पाया आणि त्यावर पातळीतून ४३ वजा केल्याची, शून्याच्या खाली न जाणारी किंमत. जिथे पातळी ४३ ओलांडते तिथे छेदाची ओळ वरीलप्रमाणेच घालावी.

पुरवणी प्रश्न – भूगोलाचा_फळा

साहेब, आपला मुद्दा पटला. आता एकाच पानावर दोन आलेख घेण्याचे ठरवले आहे. वर दोन वर्षांची पातळी आणि फक्त ४३ फुटांच्या वरचा भाग रंगवलेला. खाली राधानगरीची आवक आणि विसर्ग, दोन रंगांत. वरच्या आलेखाखाली ‘रंगीत भाग धोका पातळीच्या वरचा काळ व उंची दाखवतो, पाण्याचे प्रमाण दाखवत नाही’ अशी ओळ देईन. मिनिटांच्या अक्षाची युक्तीही चालली. तारखा मराठीत आल्यामुळे विद्यार्थ्यांना फार आवडले.

एकच शंका उरली आहे. वार्षिकांकाची आतली पाने काळ्या-पांढऱ्या छपाईची असतात. वरच्या आलेखात दोन वर्षांचे ४३ फुटांवरचे भाग काही दिवस एकमेकांवर येतात. तिथे रंगाऐवजी काय करावे?

उत्तर – उद्यमनगर_छपाई

सर, आमच्याकडे असे आलेख नेहमी येतात, म्हणून सांगतो. दोन करड्या छटांवर विसंबू नका. पडद्यावर वेगळ्या दिसणाऱ्या छटा कागदावर शाई पसरल्यावर एकसारख्या होतात आणि अगदी फिकट छटा तर उडूनच जाते. एका वर्षाला मध्यम करडी सपाट छटा द्या आणि दुसऱ्या वर्षाला फॉरमॅटमधील पॅटर्न फिल वापरून तिरक्या रेघा द्या, पार्श्वभूमी पांढरी ठेवून. एकमेकांवर येणाऱ्या भागात करड्यावर रेघा दिसाव्यात, म्हणजे दोन्ही वर्षे तिथे आहेत हे वाचकाला समजेल. एक्सेलमध्ये पॅटर्नची पार्श्वभूमी पूर्ण पारदर्शक होत नाही. म्हणून आपल्या पहिल्या पद्धतीनेच दोघांचा सामाईक भाग हा वेगळा थर करा, म्हणजे दोघांपैकी लहान किंमत, आणि त्याला करड्या पार्श्वभूमीवरच्या रेघांचा पॅटर्न द्या. उरलेला जास्तीचा भाग ज्या वर्षाचा असेल त्या वर्षाचा पॅटर्न घेईल.

पातळीच्या दोन रेषांपैकी एक अखंड आणि एक तुटक ठेवा, जाडी एक पॉइंटच्या खाली नेऊ नका. आलेख वर्डमध्ये चिकटवून पाठवू नका, पीडीएफ करून द्या आणि त्यात फाँट एम्बेड झाले आहेत का ते पाहून घ्या. मराठी अक्षरांचा घोळ बहुधा तिथेच होतो. ईपीएस ही छपाईची जुन्या प्रकारची फाइल मात्र टाळावी, कारण त्या प्रकारात पारदर्शकता टिकत नाही आणि खालचा थर वरच्या थराखाली पूर्ण झाकला जातो. छपाईच्या मापाचे एक पान आधी साध्या लेझर प्रिंटरवर काढून हातभर अंतरावरून पाहा. तिरक्या रेघा तिथे मिसळून करड्या दिसू लागल्या तर त्याच्या पुढचा रुंद पॅटर्न निवडा.